आमच्या गावात भांडण नाय

आमच्या गावासारखं एकोप्याचं गाव अख्ख्या रोहा तालुक्यात दुसरं नाय, हे मी सांगत नाय, तसं बक्षीस मिळालंय गावाला. भांडणाचा आवाज म्हणून तुम्हाला इथं ऐकू यायचा नाय. आता माझ्याशी चार वर्षं कुणी बोलतच नव्हतं, तर भांडणार कोण, ते सोडा.

माझं नाव यमुना. माहेर पेणकडचं, धरमतरच्या खाडीला लागून. तिकडं माणसं ह्या काठावरनं त्या काठावरच्याशी बोलतात, होडीतल्याला विचारतात जेवलास काय, म्हणून आमचा सगळ्यांचा आवाज मोठा. लगीन होऊन इकडं डोंगराकडं आले तर सासू पहिल्याच दिवशी म्हणली, हळू बोल गो, गावकी बसलीय. तेव्हापासनं गावकी बसलेलीच हाय. गावकी म्हंजे काय सांगू तुम्हाला, गावातली चार मोठी माणसं देवळात बसतात आणि बाकीच्यांनी कसं वागायचं ते ठरवतात. आमचे हे धाटावला कंपनीत, शिफ्टला जातात, घरात कमी आणि बोलण्यात त्याहून कमी. शेत मीच बघते. पावसाळ्यात भात, मग त्याच जमिनीत वाल.

तर गावाच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी हाय. त्यांची डांबरी रस्त्याला यायची वाट देवळाच्या पटांगणातनं, माझ्या लग्नाच्या आधीपासनं. देवळाला नवीन फरशी बसली, चकचकीत, आणि गावकीनं वाडीच्या अंगाला फाटक लावलं. वाडीवाल्यांच्या पायांची माती लागते म्हणे. आमच्या पायांना काय अत्तर लावलेलं असतं? वाडीला मग सगळ्या डोंगराचा वळसा पडला.

त्या वर्षी सोमी माझ्याकडं वाल उपटायला आली. सोमी वाडीवरची, माझ्याच वयाची, दरवर्षी यायची, पण उपट, ठेव, चहा घे, ह्याच्यापुढं आम्ही कधी बोललो नव्हतो. वाल दवात उपटायचे, ऊन चढलं की शेंगा तडकतात. तर ती उपटता उपटता सांगायला लागली. म्हणली, बाय, पोरीला भरदुपारी कळा आल्या, झोळीत घातली, फाटकाशी आणली, हाका मारल्या, कुणी उघडलं नाय, मग डोंगराच्या अंगानं नेली, वाटेतच मोकळी झाली, पोर रडलंच नाय. एवढं सांगितलं आणि पुढचा वेल उपटला. मी वाट बघत होते, आता काय मागते, भात मागेल, पैसे मागेल. तिनं मागितलं काय नाय. परत पहिल्यापासनं सांगितलं. कळा आल्या, झोळीत घातली, फाटकाशी आणली. आणि मी एवढी बडबडी बाई, हातातला वेल तसाच धरून ऐकत राहिले. ऊन चढलं, शेंगा तडकायला लागल्या, दाणे मातीत उडायला लागले, आम्ही दोघी तिथंच. माझं घर खालच्या आळीत, मला त्या हाका आल्या नाय. ज्यांची घरं फाटकाला लागून, त्यांना त्या दुपारी झोप फार गाढ लागली होती म्हणे.

घरी ह्यांना सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकलं, कोयता घेतला आणि आमच्या बांधाच्या दोन्ही तोंडांचं काट्याचं कुंपण तोडलं. आमचा बांध वाडीपासनं थेट डांबरी रस्त्याला निघतो.

लगेच बोलावणं. दामूभावजी गावकीचे म्होरके, म्हणले, वैनी, बांध कुणाला विचारून मोकळा केलात? म्हणलं, सांगते भावजी, सोमीच्या पोरीला कळा आल्या. ते म्हणले, का केलात ते विचारलं नाय, कुणाला विचारून केलात ते विचारलं. म्हणलं, आधी का ते ऐका. म्हणले, बाईमाणसाचं ऐकत बसलो तर गावकी उठायची कधी? सगळे हसले. बांध बंद करणार का? म्हणलं, नाय. टाकलं वाळीत.

वाळीत म्हंजे आमच्याशी कुणी बोलायचं नाय, बोलेल त्याला दंड. दुकानदार साखर देईना. कंपनीच्या बसमधे ह्यांच्या शेजारी गावातलं कुणी बसेना. हे म्हणले, बरं झालं, पाय पसरता येतात. शेजारची नर्मदा मला अंगणात बघितली की कोंबडीशी बोलायची, नागोठण्याला चाललेय गो, काय आणायचं तर सांग. मी म्हशीला सांगायची, साखर संपलीय गो बाय. संध्याकाळी दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावर पुडी असायची. लावणीला सावडीचं, म्हंजे आज तुझ्या शेतात उद्या माझ्या, असं कुणी आलं नाय. वाडी आली. मी चिखलात वाकून माझं रडगाणं गायची आणि सोमी व्हय गो, व्हय गो करत रोप लावायची. शहाणपण तिनं एकदा पण शिकवलं नाय.

मग ते सलोख्याचं बक्षीस निघालं. अट अशी, की गावात कुणी वाळीत नको. दामूभावजी स्वतः दारात, वैनी, बऱ्या हाय ना? म्हणलं, आता माझं ऐकणार काय? म्हणले, ऐकणार म्हंजे? माइकवर बोला!

देवळासमोर मांडव घातला, फाटकाला झेंडूची माळ लावली. एक सर बोलावले होते, विषय, ऐकून घ्या, समाज सांधा. छान बोलले, खोटं कशाला सांगू. डोळे मिटून बोलायचे. म्हणले, आपण ऐकायला विसरलो आहोत, नुसत्या कानांनी नव्हे, हृदयाने ऐका. मधे लाइट गेली, ते तसेच बोलत राहिले. सोमीला मी मुद्दाम बोलावलेली, पण माळ विस्कटेल म्हणून फाटक बंद होतं, ती बाहेर उभी. मी मनात घोकत होते, कळा आल्या, झोळीत घातली, फाटकाशी आणली. मला एवढंच बोलायचं होतं. माझं नाव पुकारलं, शाल घातली, नारळ दिला, मी माइकला हात घातला, तर सूत्रसंचालक म्हणला, ताई भारावून गेल्या आहेत. टाळ्या. सरांना वडखळच्या ट्रॅफिकच्या आधी निघायचं होतं, म्हणून लगेच वंदे मातरम झालं.

आता सगळे बोलतात. दामूभावजी रोज विचारतात, काय वैनी, बरं हाय ना, आणि मी तोंड उघडेपर्यंत पार पुढच्या वळणाला. नर्मदा सरळ माझ्याशी बोलते, पण कोंबडीशी बोलायची तेव्हा जास्त बोलायची. तुम्ही एवढा वेळ बसलात, फोन दोनदा वाजला तरी घेतला नायत, देव तुमचं भलं करो. सोमीची पोर परत पोटुशी हाय. ह्या वेळी बांधावरनं न्यायची.

बक्षिसातनं गावकीनं तिथं लोखंडी फलक लावलाय, सलोखा मार्ग, खाली सरांचं नाव, दामूभावजींचं नाव. म्हणलं, भावजी, जरा बाजूला रोवा. म्हणले, मग रस्त्यावरनं वाचता येत नाय. तो बांधाच्या मधोमध हाय. वाडीची माणसं चिखलात उतरून त्याच्या बाजूनं जातात.