कपाचा कान

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, क्लबाचे चिटणीस, समोर बसलेले सगळे भावजी, त्यांच्याबरोबर हौसेने आलेल्या आणि बळेच आणलेल्या माझ्या सगळ्या जावा, आणि बाहेर फाटकापाशी रिबीन बांधून उभी असलेली आमची हिरवी गाडी,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मी सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. 'नंबर सांगा', 'थांबा' आणि 'बोला' एवढ्यावर माझी अख्खी नोकरी झाली. आमच्या घरात बोलायचं खातं यांच्याकडे होतं. आज ते नाहीत, म्हणून मी उभी आहे. कागदावर लिहून आणलंय. कागद थोडा लांबलाय, तेवढं सांभाळून घ्या.

पाहुणे आपल्याकडे पहिल्यांदाच आलेत, म्हणून थोडं मागचं सांगते. हा जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचा क्लब. इथल्या प्रत्येकाच्या घरी एक अशी गाडी आहे आणि त्यामुळे प्रत्येकाच्या बायकोच्या स्वयंपाकघरात एखादं भांडं कमी आहे. आमच्याकडचा केक भाजायचा ट्रे वीस वर्षं गाडीखाली आहे. ब्रिटिश गाडी उभी राहिली की तेल ठिबकवते. मी एकदा विचारलं, "हे गळणं थांबत का नाही?" तर हे म्हणाले, "गळतंय म्हणजे आत आहे. थांबलं की काळजी कर."

यांना जाऊन पाच महिने झाले. महिन्याभरातच अध्यक्षसाहेब घरी आले. म्हणाले, "वहिनी, ते कान गेले. आता ही गाडी जुळवणार कोण? कुणीतरी हात लावून बिघडवण्यापेक्षा तिला मानाने बसवू या." मी गप्प बसले. माझं गप्प बसणं म्हणजे होकार, असं धरायची पद्धत आहे. आमचं लग्नही असंच ठरलं होतं. ते चांगलं निघालं, पण दर वेळी तसं होईलच असं नाही.

मग क्लबाने ठराव केला. गाडीतलं तेल-पेट्रोल काढायचं, इंजिन कायमचं बंद करायचं, आणि गाडी या हॉलमध्ये दोरीच्या आत उभी करायची. पुढे पितळी पाटी. आजचा कार्यक्रम तिच्या निरोपाचा. मी किल्लीची मखमली डबी अध्यक्षांना द्यायची होती, ती आल्याआल्याच दिली. साहेब, ती अजून उघडू नका हं. फोटोच्या वेळी उघडा.

पाटी मी पाहिली. तिच्यावर माणसाचा कान कोरलाय. कारागिराने सुरेख कोरलाय, पाळीसकट. खाली लिहिलंय, 'या कानाने आमच्या गाड्या बोलत्या केल्या.' आत्ता चिटणीस भावजीही तेच म्हणाले, की असे कान पुन्हा होणे नाही. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मात्र माझ्या मनात जरा गडबड होती.

तुम्हाला कधी प्रश्न पडला नाही का, की यांची ती रबरी नळी इतकी लांब का होती?

पाहुण्यांसाठी सांगते. आमच्या गाडीला पेट्रोल आणि हवा पाजणारे दोन कार्ब्युरेटर आहेत, एक पुढे, एक मागे. दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी. एकाने जास्त ओढली की इंजिन लंगडं चालतं. ते जुळवायला मशीन मिळतं, पण आपल्या क्लबात मशीन वापरणं कमीपणाचं. रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं. आत 'सूं' असा आवाज येतो. एकदा पुढच्याचा ऐकायचा, एकदा मागच्याचा, आणि दोन्ही सारखे होईपर्यंत स्क्रू पिळायचे. हाताची कामं क्लबात सगळ्यांना येतात. कानाचं काम यांनाच यायचं, अशी ख्याती होती. दर रविवारी आमच्या दारात गाड्यांची रांग लागायची.

आता यांच्या हातांबद्दल मी एक अक्षर कमी बोलणार नाही. ही गाडी आली तेव्हा टेम्पोतून आली, आणि दोन पोत्यांतून. दरवाजाची लाकडी चौकट वाळवीने खाल्लेली होती, ती यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर तासून नवी केली. ब्रेकचे पाइप स्वतः वाकवले. वायरिंग तर उलटंच होतं. या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडतात, सगळ्या जगाच्या उलट. हे म्हणायचे, "सरळ माणसाने या गाडीला हात लावू नये." अध्यक्षसाहेबांनी एकदा सरळपणे लावला होता. त्यांच्या रेडिओतून त्या दिवशी बातम्यांऐवजी धूर आला. साहेब, रागावू नका. तुमच्या सरळपणाबद्दलच बोलतेय.

तर नऊ वर्षांनी गाडी उभी राहिली. हात यांचेच. कानांचं मात्र असं झालं.

हे कारखान्यात प्रेस शॉपचे फोरमन होते. तीस वर्षं लोखंडावर घण पडताना ऐकला. एक दिवस मी बाहेरून आले तर गॅसवर किटली शिट्टी मारून मारून थकलेली, आणि तिच्याशेजारी हे पार्ट्सचा कॅटलॉग वाचत उभे. मी म्हटलं, "अहो, किटली!" हे म्हणाले, "अजून शिट्टी कुठे झालीय?"

जाड आवाज ऐकू यायचे. दार आपटलेलं, तुमची भांडणं, सगळं. पण बारीक आवाज गेले होते. किटलीची शिट्टी, दाराची बेल, आणि कार्ब्युरेटरची 'सूं'.

यांनी कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही. तो रविवार मला आठवतो. दातांचे डॉक्टर भावजी आपली गाडी घेऊन आले होते. यांनी नळी कानाला लावली, डोळे मिटले, आणि उघडलेच नाहीत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आमच्या गॅरेजची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच, मध्ये खिडकी. यांचा चेहरा मला दिसत होता. परीक्षेत पेपर कोरा द्यावा लागणाऱ्या मुलासारखा. आणि मला, खिडकीतून, मागचा कार्ब्युरेटर जास्त ओढतोय ते साफ ऐकू येत होतं. अहो, सव्वीस वर्षं मी खरखरीतून माणसं शोधलेली.

गाडी गेल्यावर मी एवढंच म्हटलं, "मागचा होता."

यांनी नळी गुंडाळून खुंटीला लावली. मग म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"लाइन चालू होती," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी नळी बारा फुटांची झाली. तिला मध्ये एक फाटा बसवला. एक तोंड यांच्या कानाला, आणि दुसरं जमिनीवरून, खिडकीतून, थेट माझ्या ओट्यावर. मी चहा करता करता ऐकायची. यांना सांगायचं कसं? तर कपाने. खिडकीत कप ठेवायचा. कपाचा कान बॉनेटकडे वळलेला असला तर पुढचा जास्त ओढतोय. गाडीच्या काचेकडे वळलेला असला तर मागचा. आणि दोन्ही सारखे झाले की मी चहा घेऊन बाहेर यायची.

तुम्हीच नाही का म्हणायचात, "वहिनींचा चहा आला की गाडी जुळलीच म्हणून समजा"? क्लबाच्या वार्षिक अंकातही छापलं होतं तुम्ही. योगायोग म्हणून.

डॉक्टर भावजींना मात्र शंका आली होती, हे कबूल करायला हवं. त्यांनी विचारलं, "नळीचं हे टोक आत का सोडलंय?" हे गंभीरपणे म्हणाले, "मोकळं सोडावं लागतं. नाहीतर कानाला दडे बसतात." मग भावजी खिडकीशी येऊन मला म्हणाले, "आणि वहिनी, तुम्ही कप सारखा फिरवताय काय?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी निववतेय."

महिन्याभरात अख्ख्या क्लबाकडे बारा फुटी फाट्याच्या नळ्या झाल्या. डॉक्टर भावजींची नळी त्यांच्या झोपायच्या खोलीत जाते. जाऊबाईंनी मला फोन करून विचारलं, "वहिनी, त्या टोकाचं नक्की काय करायचं असतं?" मी म्हटलं, "सोडा मोकळं." जाऊबाई, चुकलं माझं. त्या टोकाला तुम्ही बसायला हवं होतं.

यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, "मी असेपर्यंत कुणाला सांगू नकोस." कारखान्यातून यांना वेळेआधी घरी बसवलं होतं. रविवारची ती रांग म्हणजे यांच्यासाठी काय होतं, ते मी पाहत होते. अकरा वर्षं मी बोलले नाही. वचन 'असेपर्यंत'चं होतं, ते पूर्ण झालं. आज बोलतेय ते यांचं नाव खाली आणायला नव्हे. आणखी गप्प बसले असते, तर तुम्ही गाडीचं तेल काढलं असतं.

आता एकच सांगायचं राहिलं.

काल डॉक्टर भावजी गाडी इथे घेऊन आले. उतरल्याउतरल्या म्हणाले, "वहिनी, बेसूर झाली हो गाडी. ते गेले आणि सूर गेला." तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. ठराव किती योग्य होता, असंही कुणीतरी म्हणालं.

ती बेसूर आहे. मला माहीत आहे. तिला तसं मीच ठेवलंय.

शेवटी शेवटी यांना गॅरेजमध्ये उभं राहवत नव्हतं. एका सकाळी म्हणाले, "आज मी ओट्याशी बसतो. तू स्क्रू पिळ." मी गाडीपाशी गेले. यांनी खुर्चीत बसून नळी कानाला लावली. काही ऐकू येणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. यांनी कप खिडकीत ठेवला, कान बॉनेटकडे. खरं तर मागचा जास्त ओढत होता. मी यांचं ऐकलं. पुढचा पिळला. पुन्हा कप फिरला, पुन्हा मी पिळला. गाडी आणखी लंगडायला लागली. मग आतून आवाज आला, "झालं! आता सारखं झालं!" आणि चहा द्यायला हे स्वतः उठले. कप खिडकीच्या चौकटीला लागला. फुटला नाही. कान तेवढा तुटला.

बिनकानाच्या कपातून आम्ही चहा प्यायलो. हे म्हणाले, "काय जुळलीय बघ." मी म्हटलं, "हो."

त्या स्क्रूंना मी नंतर हात लावलेला नाही. पाच मिनिटांचं काम आहे. पण लावणार नाही.

अध्यक्षसाहेब, आता डबी उघडा. किल्ली नाही ना? तो कपाचा कान आहे. तुम्हाला हॉलमध्ये कान हवा होता. ज्या कानाने तुमच्या गाड्या जुळल्या तो हाच. दोरीच्या आत छान दिसेल. पाटी मात्र मी घरी नेते. तिच्यावरचा कान डावा आहे, मीही एक्स्चेंजमध्ये हेडफोन डाव्याच कानाला लावायची. ओट्याजवळ लावीन.

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. मला गाडी चालवता येते का, असं तिथे मागे कुणीतरी कुजबुजतंय. कान शाबूत आहेत माझे. गाडी जुळवल्यावर फेरी मारून बघावी लागते. वाऱ्यात यांना काही ऐकू यायचं नाही. म्हणून चौक ओलांडला की आम्ही जागा बदलायचो.

रविवारी तुम्ही सगळे या. तुमच्या गाड्या जुळवून देईन. नळी अडीच फुटांची आणा, तेवढी पुरते. चहा मात्र तुम्ही करायचा, आणि मला हातात आणून द्यायचा.

क्लबाने यांना एवढा मान दिला, त्याबद्दल तुम्हा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. तुम्ही ठराव केलात तो प्रेमापोटीच केलात, हे मला कळतं. चिटणीस भावजींनी कार्यक्रमपत्रिका छापली आणि मी ती बिघडवली, त्यांनी राग मानू नये. इतकं बोलायची मला सवय नाही. कुठे शब्द जास्त झाला असेल, कुणाला थट्टा मनाला लागली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

जाता जाता एक विनंती. अध्यक्षसाहेब, फाटकापाशी तुमची गाडी माझ्या गाडीच्या पुढे आडवी लागली आहे. तेवढी काढता का? मला निघायचंय.

आणि सुरू व्हायला कुरकुरली तर घाबरू नका. तुमचा पुढचा जास्त ओढतोय. तुम्ही आलात तेव्हाच ऐकलं मी.