राजा-बिशप आणि कोंबडीचा रस्सा

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी माझे हातपाय खरंच गार पडले होते.

माझ्या लेकीच्या, सईच्या होणाऱ्या नवऱ्याचे काका फ्रिस्को शहरातल्या आमच्या घरी जेवायला येणार होते. ते कॅथलिक फादर. आमच्या पद्धतीच्या लग्नात मांडवात उभं राहून आशीर्वाद देतील की नाही, याची सईला फार काळजी. आम्ही पक्के शाकाहारी. पण पाहुण्यांना नुसता वरणभात कसा घालायचा, म्हणून मी जन्मात पहिल्यांदा कोंबडीचा रस्सा केला.

पानं वाढली आणि सई कुजबुजली, "आई, लेंटचा फ्रायडे आहे! ईस्टरआधीचा उपास असतो, मासे चालतात पण मीट चालत नाही त्यांना!"

"अगं, मग आधी नाही का सांगायचं?"

"तू चिकन करशील असं स्वप्नात तरी आलं असतं का मला?"

फादर रश्श्याकडे बघतच राहिले.

मग ते म्हणाले, "मी आमच्या जर्मनीतल्या जुन्या धर्मप्रांताचा इतिहास लिहितोय. तिथला बिशपच राजा असायचा. सैन्य त्याचं, कर त्याचे, उपासाचे नियमही त्याचेच. त्याने हा वास घेतला असता, तर जेवण होईपर्यंत कोंबडीला मासा ठरवलं असतं."

मी भीत भीत विचारलं, "आणि तुम्ही?"

"माझ्याकडे राज्य नाही हो. मला वरणभातच वाढा."

दोनदा मागून जेवले. लग्नाचं विचारायला मात्र माझी जीभ रेटेना. शेवटी दारात बूट घालताना तेच म्हणाले, "मांडवात मी येतोय. फक्त लग्न शुक्रवारी ठेवू नका, मला तो रस्सा खायचाय."