पहिल्याच कॉफीला ‘नको’

तुम्ही मला भित्री म्हणता ना, मग हे ऐका. नवरा जर्मनीत. मला आणि लेकीला तिकडे जायचं तर मी जर्मनची पहिली परीक्षा पास व्हायलाच हवी. घरूनच मोबाइलवर क्लास. सराव-परीक्षेत बाईंनी जर्मनमध्ये विचारलं, “कॉफी घेणार?”

मी म्हटलं, “नाईन, डांके.” नको, आभारी आहे. आणि थांबले. आता बाई आग्रह करतील, मग हो म्हणायचं. बाईंनी सरळ पुढचा प्रश्न विचारला. मी अशी गडबडले की पुढची तिन्ही उत्तरं चुकली.

सासूबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. “काय झालं वं?”

“कॉफी विचारली, मी नको म्हटलं, तर दिलीच नाही.”

“एक डाव बी आग्रह नाही? असल्या लोकाइत पोरीले कायले नेतं? राहू दे, तुह्यानं होत नाही.”

असं मी स्वतःला रोजच म्हणते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेना. लगेच मोबाइलवरच्या बाईंना म्हटलं, “तोच प्रश्न पुन्हा विचारा.”

“कॉफी घेणार?”

“हो. दूध-साखर घालून. आणि केकही द्या.” जर्मनमध्ये सांगितलं, मग सासूबाईंना कळावं म्हणून मराठीतही.

सासूबाईंचा हात थांबला. “लाजच सोडली वं तुनं.”

“सोडली, आत्याबाई. परीक्षेत लाजेला मार्क नाहीत.”