अरविंदची सहा पत्रं

मंडळी,

अशा थंडीत, कुणी मानहाइमहून, कुणी आणखी लांबून, गाड्या बदलत आलात. पाद्रीबाबांनी चर्चची ही खोली दिली. केसलरबाई पुढच्या रांगेत बसल्या आहेत. अरविंद त्यांच्याकडे भाड्याने राहत होता. त्यांना आपलं एक अक्षर कळत नाही, तरी आल्या. तुम्हा सगळ्यांचे आभार. एरवी मी बोलायला लागलो की थांबत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज मला उभं राहणंच जड जातंय.

अरविंद सोमवारी सकाळी गेला. कराडहून इथल्या इंजिनिअरिंग शाळेत शिकायला आला, त्याला तीन महिनेही झाले नव्हते. एकोणीस वर्षांचा होता. न्यूमोनिया, दोन्ही फुप्फुसं. हे तुम्हाला माहीत आहे. जे माहीत नाही ते सांगायला मी उभा आहे.

इथे नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा माझ्याकडे येतो. स्टेशनवर मी जातो, खोली मी बघून देतो, पोलिसात नोंदणीला मी नेतो. तुम्ही सगळे मला अण्णा म्हणता. आणि अण्णांचा एक नियम आहे, तो इथल्या नव्या मंडळींना चांगला ठाऊक आहे. हसू नका. अहो, हसलात तरी चालेल. आता काय!

पाच वर्षांपूर्वी मी आलो तेव्हा पाचव्या आठवड्यात घरी एक रडकं पत्र लिहिलं. वर्गात निम्मं डोक्यावरून जातं, दिवसभर कुणी चार शब्द बोलत नाही, उकडलेले बटाटे घशाखाली उतरत नाहीत, सगळं लिहिलं. आईने अंथरूण धरलं. वडिलांनी उलट टपाली लिहिलं, झेपत नसेल तर परत ये. त्या पत्राची मला इतकी लाज वाटली की मी ठरवलं, माझ्यामागून येणाऱ्या एकाच्याही हातून असं पत्र जाऊ द्यायचं नाही.

म्हणून हा नियम. पहिल्या आठवड्यात माणूस खुशीत असतो, सगळं नवं असतं. तेव्हाच त्याला बसवायचं आणि सहा पत्रं लिहून घ्यायची. मजेत आहे, अभ्यास छान चाललाय, काळजी नसावी. वर तारीख घालायची नाही, हवेबद्दल लिहायचं नाही. पत्रं माझ्या खणात राहणार. दर दुसऱ्या शनिवारी तारीख घालून एकेक मी पोस्टात टाकणार. तीन महिन्यांत माणूस रुळतो, मग त्याचं त्याने लिहावं. अकरा जणांना मी असं पार केलं. मला अभिमान होता हो त्याचा!

अरविंदनेही लिहिली. एका दुपारी, एका बैठकीत, सहाच्या सहा. मी तपासली. केसलरबाईंच्या अंगणात सफरचंदं पिकली आहेत, असं त्याने दोन-तीन पत्रांत लिहिलं होतं. मला वाटलं, सफरचंद म्हणजे काही हवा नाही. राहू दिलं.

ऑक्टोबरच्या शेवटी तो माझ्याकडे आला. खोकत होता. म्हणाला, "अण्णा, मला आईला एक पत्र लिहायचंय. खरं."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अरे, अजून तीन शिल्लक आहेत. ती संपू देत."

तो म्हणाला, "बरं."

बस. त्यापुढे त्याने कधी तक्रार केली नाही. केसलरबाई दार ठोठावायच्या, आतून आवाज यायचा, "आलेस गुट." म्हणजे सगळं ठीक. वर्गात कुणी विचारलं, ठीक. मी विचारलं, ठीक. ठीक म्हणायला त्याला कुणी शिकवलं? मी शिकवलं. तो शहाणा मुलगा होता, एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागायचं नाही.

शुक्रवारी सकाळी जिन्यात पडलेला केसलरबाईंना सापडला. शनिवारी मी हॉस्पिटलात निघालो. तो दुसरा शनिवार होता. मी शिस्तीचा माणूस! वाटेत थांबून पाचवं पत्र पोस्टात टाकलं आणि मग त्याला बघायला गेलो. त्याला बोलवत नव्हतं. तरी विचारलं त्याने, "अण्णा, पत्र गेलं?"

मी म्हणालो, "गेलं, आत्ताच टाकलं. तू निश्चिंत राहा."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, झोप लागली.

मंडळी, तार कराडला मंगळवारी पोचली. पाचवं पत्र अजून पोचलेलं नाही. आज नाहीतर सोमवारी पोस्टमन ते त्याच्या आईच्या हातात देईल. मी मजेत आहे, म्हणून. मी पोस्टात जाऊन विचारलं, परत मिळेल का. खिडकीतला माणूस भला होता. म्हणाला, विमानाने गेलेलं कसं आणणार?

आणि काल त्याच्या आईचं पत्र आलं. तिला तार मिळण्याआधीचं, अरविंदच्या नावाचं. केसलरबाईंनी मला दिलं. मी उघडलं. उघडायला नको होतं. आई प्राथमिक शाळेत शिकवते. तिने लिहिलंय ते वाचतो.

"तुझी चार पत्रं पोचली. सप्टेंबरात सफरचंदं पिकली होती, नोव्हेंबरातही पिकताहेत. चारही पत्रं एका बैठकीत लिहिलेली दिसतात. वर्गातली मुलं आठवड्याचा गृहपाठ रविवारी एकदम उरकतात, तो मला बघताक्षणी कळतो. बाळा, काय झालंय ते लिही. चांगलं नसलं तरी लिही. मी घाबरणार नाही."

तिला कळलं होतं. हजारो मैलांवर बसून तिला कळलं. मी इथे तीन गल्ल्या पलीकडे होतो.

पाच दिवस मी त्या बाईंना पत्र लिहायला बसतोय. अकरा जणांची पत्रं तपासली, चुका काढल्या. मला स्वतःला मायन्यापुढे एक ओळ सुचत नाही. सुचली तरी काय उपयोग? त्यातून काही बरं होणार नाही. माझं नाही, तिचं तर नाहीच.

दाराजवळच्या टेबलावर चार पाकिटं आहेत, माझ्या खणात उरलेल्या तुमच्या पत्रांची. कुलकर्णी, जोशी, पवार, शेख, ज्याने त्याने आपलं उचला. फाडा, जाळा, काय वाटेल ते करा. आणि घरी खरं लिहा. रडकं असलं तरी लिहा.

अरविंदचं सहावं माझ्या खिशात आहे. त्यात शेवटी लिहिलंय, "आता मी इथे पुरता रुळलो." लिहिलं तेव्हा त्याला येऊन सहा दिवस झाले होते.

आता सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं. घड्याळ मी बघणार नाही, ते केसलरबाई बघतील.

अरविंदा, तुझं खरं पत्र राहिलं रे. मला क्षमा करू नकोस.