कमानीवरचं लॅटिन

गिरिधर : शिडीवर चढून अर्धा तास झाला, बळीराम. अजून एक अक्षर पडलं नाही. उद्या सकाळी कॉलेजची नवी संगमरवरी पाटी लागायची आहे इथे.

बळीराम : लागू द्या ना. पण बाबू, पाडाच्या आधी मले सांगा, हे लॅटिन काय म्हणते?

गिरिधर : तू दगड फोडणारा. तुला अर्थ कशाला?

बळीराम : माह्या बापानं कोरलं हे. धोंडबानं. गोऱ्या साहेबानं कागदावर काढून देल्लं, बापानं तसंच दगडावर उतरवलं. मरेपर्यंत खरा अर्थ माहीत नव्हता त्याले.

गिरिधर : कुणालाच नसतो. विलायतेतली मोठमोठी विद्यापीठं दारावर लॅटिनच लिहितात. ते वाचायला नसतं. खालच्यानं मान वर करून बघावं, एवढ्यासाठी असतं.

बळीराम : पाह्यली मी मान वर करून. एकोणसाठ साली. मॅट्रिकचा कागद घेऊन आलो होतो ॲडमिशनले. तुमी याच फाटकात उभे होते, नवीन बाबू. वर बोट दाखवलं आन् म्हणाले, वाच काय लिहिलंय ते. परवानगीशिवाय आत येऊ नये.

गिरिधर : शेकडो येतात. मला काय आठवणार?

बळीराम : मले आठवते. घरी जाऊन बापाले म्हणलो, मले हाकलाचं तूच कोरून ठेवलं गा. दोन दिवस जेवला नाही तो.

गिरिधर : मग आता काढ ना! अठरा वर्षांचा राग आहे, मार हातोडी.

बळीराम : मारलीच असती. पोरीनं हात धरला. प्रेमिला, ये वं इकडे. सांग बाबूले.

गिरिधर : ही? ही तुझी मुलगी? हिला मी सकाळीच खिडकीवरून परत पाठवलंय.

प्रेमिला : तीनदा. सोमवारी फोटो लहान होता. मंगळवारी सही वाकडी होती. आज म्हणालात, साहेबांच्या परवानगीशिवाय फॉर्म घेता येत नाही. आज शेवटची तारीख आहे.

गिरिधर : नियम मी करत नाही.

प्रेमिला : आमच्या शाळेतल्या उत्तराबाई इथंच शिकल्या. त्यांच्याकडचं कॉलेजचं जुनं माहितीपत्रक आहे हे. पहिल्या पानावर बघा. 'पुल्सांती आपेरिएतुर'. वर कमानीवर आहे तेच. खाली अर्थ छापलाय. जो दार ठोठावेल, त्याच्यासाठी ते उघडलं जाईल.

(गिरिधरबाबू पान डोळ्यांजवळ नेतो. शिडीवरून बळीरामला त्याचं टक्कल तेवढं दिसतं. एकोणसाठ साली तिथं तेल चोपडलेले दाट केस होते. भर उन्हात तापलेली छन्नी बळीरामला एकाएकी गार लागते.)

गिरिधर : छापलं असेल. मग काय करू, आरती ओवाळू?

बळीराम : तुमाले माहीत होतं?

गिरिधर : मला तेव्हाच्या हेडक्लार्कनं जे सांगितलं, ते मी सांगत आलो.

प्रेमिला : म्हणजे तुम्हालाही वाचता येत नव्हतं.

गिरिधर : तोंड सांभाळ!

बळीराम : तिच्यावर काहून ओरडता? माह्याशी बोला. पाच वाजता खिडकी बंद होते. पोरीचा फॉर्म घ्या, मंग छन्नी.

गिरिधर : धमकी देतोस? कळमेश्वरहून दुसरा माणूस आणतो मी.

बळीराम : आणा. तो उद्या येईन, चहा पिईन, मंग कामाले लागन. अक्षरं उठावाची आहेत, दोन बोटं वर आलेली. त्याच्यावर पाटी बसत नाही. उद्याच्या पाहुण्यायच्या डोक्यावर पाटी झुलत राहीन.

गिरिधर : तुम्हा लोकांना ना, एक पायरी दिली की...

बळीराम : बोला ना. थांबले काहून?

प्रेमिला : बाबा, राहू द्या. मले अशी ॲडमिशन नको.

बळीराम : अशी म्हणजे कशी वं? फर्स्ट क्लास आहे तुले. मी काय भीक मागून राहिलो? दार ठोकून राहिलो.

गिरिधर : आण तो कागद. आण म्हणतो ना! (फाटकालगतच्या खिडकीत हात घालून शिक्का आणि पावतीपुस्तक काढतो.) हा शिक्का. ही पावती. झालं समाधान?

प्रेमिला : तारीख टाका. आजची.

गिरिधर : टाकली!

बळीराम : नीट वाच वं.

प्रेमिला : वाचली. बरोबर आहे.

बळीराम : हं. मंग घ्या.

टक्.

टक्.

गिरिधर : एवढ्या हळू? असा तर रात्र करशील.

बळीराम : बापाच्या हातचं आहे. फुटू न देता काढतो.

टक्.

गिरिधर : आता काय झालं?

बळीराम : उद्याच्या पाटीवर काय आहे?

गिरिधर : संस्कृत. समितीनं निवडलंय.

बळीराम : अर्थ?

गिरिधर : तुला काय करायचंय?

बळीराम : फाटकात कोणी इचारलं, तर काय सांगान?

गिरिधर : तू हात चालव.

बळीराम : बाबू. अर्थ?

गिरिधर : विचारून सांगतो.