भुकेली मुळं

न्या की, तपासायला पानं न्यायला मी कुठं नाही म्हणतोय — पण आधी एक सांगा, ताई, सगळी गल्ली सोडून माझ्याच दारात का? शेजारी शिंप्याच्या परसात गेलात? नाही. समोर कमरेएवढं गवत माजलंय, तिथं? तिथंही नाही. थेट इकडं. म्हणजे नातीचाच विषय. शाळेत त्या खुर्चीत बसवून पोरांच्या अंगातलं विष मोजतात ना, त्यावरूनच आलात. माहीत आहे मला. परवा सूनबाई शाळेतून आली ती एवढंसं तोंड करून. म्हणे, बाकीच्या पोरांच्या अंगातलं ते उतरत चाललंय आणि आमच्या चिंगीचंच चढतंय. मी म्हटलं, पोरगी वाढतेय, सगळंच वाढणार! — हसू नका. बरं, हसत नव्हता, मलाच आपलं वाटलं.

इकडून या, त्या वाफ्यात पाय नको, कालच पेरलाय. हा पालक. ही मेथी, ते कुंपणावर वाटाणे. बघा पान कसं आहे — तळहाताएवढं! अणुभट्टी फुटली तेव्हा लोकांनी बागा टाकून दिल्या, टाळं लावून गेले, आणि आम्ही? आम्ही वरची माती खरवडून दिली, ट्रकवाले घेऊन गेले, नवी माती आली, तुमच्याच खात्यातल्या माणसानं इथंच उकिडवं बसून तुमच्या हातात आहे असलंच यंत्र धरलं — गप्प! हूं नाही की चूं नाही. तेव्हा माझ्या बागेत तुम्हाला काही सापडायचं नाही. दूध बघा, दूध. शाळेत काय खायला घालतात ते बघा. पोरं रस्त्यावर काहीबाही तोंडात घालतात. आमच्या घरचं नाव घेऊ नका.

आणि मी काही अडाण्यासारखी बाग करत नाही. तुमचेच एक साहेब आले होते, जाड चष्म्याचे, चौकात आम्हाला उभं करून त्यांनी सांगितलं — मुळांना अक्कल नसते. मातीतलं ते विष आणि पोटॅश, मुळाला दोन्ही सारखंच. पोटॅश कमी पडलं की मूळ भुकेलं, आणि भुकेलं मूळ पुढ्यात येईल ते गिळतं, पानापर्यंत चढवतं, आणि पान आपण खातो. तेव्हा मुळं भुकेली ठेवू नका. मला एकदम पटलं हो! भुकेल्या माणसाला तरी कुठं चव कळते? त्या दिवसापासून माझी मुळं पोटभर जेवतात. माणसं एक वेळ राहतील उपाशी.

चिंगीचं जेवण म्हणाल तर ते माझ्याकडे. सूनबाईला नाही जमत, ती दोन घासांत चिडते. पोरीला पालक आवडत नाही — कुणाला आवडतो? — पण मी बसतो ना समोर, हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हा बागेतल्या गांडूळमामाचा... तोंड वाकडं करते, पण खाते. ताट चाटूनपुसून. आजोबांनी पिकवलंय म्हटलं की खातेच ती. मुलगा दूर शहरात असतो, गोदामात कामाला. तो म्हणत होता, दोघींना घेऊन जातो, दोन खोल्या बघून ठेवल्यात. मीच म्हटलं, काय खायला घालशील तिथं? बाजारातली भाजी कुठल्या मातीतली, कोण सांगणार? इथं डोळ्यांसमोर उगवलेलं आहे, मी जबाबदार. मग राहिल्या दोघी. बायको गेल्यापासून या घरात भांडं पडल्याचासुद्धा आवाज येत नव्हता हो... नाही, त्याचा काही संबंध नाही. पोरीच्या तब्येतीसाठीच म्हटलं मी. तिच्याच भल्यासाठी.

पोटॅश? मिळायचं की, पोत्यांनी मिळायचं. मग तुमचं खातं झोपलं. गाडी येईना. अर्ज करा, उद्या या, परवा या. मुळं थांबतात का उद्यापर्यंत? म्हटलं, अरे, राखेत पोटॅशच असतं की! माझी आजी आळ्यात चुलीची राख घालायची, दोडके कसे लगडायचे. मग काय, तो बघा, तिकडं कोपऱ्यात पिंप आहे. रोज तिथं लाकूड जाळायचं, राख चाळायची आणि वाफ्याला मूठ मूठ. हातानं घालतो मी, एकेका रोपाच्या बुडाशी. आता गल्लीतले सगळे माझ्याकडून राख नेतात. शिंप्याच्या बायकोला दिवस गेलेत, तिच्यासाठी तर मी स्वतः पाटी भरून नेऊन दिली. फुकट! लाकडाला तरी कुठं पैसे पडतात — वरच्या रानातलं. हो, तारेपलीकडचं, तिथं जायला बंदी आहे, ठाऊक आहे. पण मी ओलं तोडत नाही, वाळलेलं आणतो. मेलेलं झाड काय पिणार?

अशा बघू नका. मला कळतं तुमच्या मनात काय आलं. पण जाळतो ना मी! साधंसुधं नाही, लालबुंद करून जाळतो. अहो, उभा जन्म मी दवाखान्याची भट्टी सांभाळली. सडलेल्या जखमांच्या पट्ट्या, रक्ताचे बोळे, साथीत मेलेल्यांच्या गाद्या — जे हात लावायच्या लायकीचं नाही ते सगळं माझ्याकडे यायचं, आणि मी ते आत ढकलायचो. मोठे डॉक्टर नव्या नर्सांना भट्टीजवळ आणून सांगायचे, या दवाखान्यात सगळ्यात स्वच्छ काय असेल तर याची राख. त्या राखेत हात घालून दाखवायचो मी! कधी काही झालं नाही मला. आगीतून कसली घाण परत येते? येतच नाही. जंतू असो नाहीतर...

धरा की. धरा त्या पिंपाजवळ यंत्र, मी कुठं अडवलंय? पालक राहू द्या, आधी राखच मोजा. म्हणजे तुमचीही खात्री —

हे काय? एवढं का ओरडतंय?

बिघडलंय तुमचं यंत्र. पडलं असेल कुठंतरी. जरा लांब घ्या. हां... आता परत जवळ आणा. — पुरे. पुरे, कळलं. बंद करा ते.

जळत नाही ते? नाही म्हणजे, कितीही आच दिली तरी? अहो, पांढरी होईपर्यंत जाळतो मी... म्हणजे रानातल्या झाडानं ते मातीतून ओढलं, खोडात भरून ठेवलं. मी ते झाड आणलं. जाळलं. लाकूड गेलं, धूर गेला, आणि ते — ते गेलंच नाही. ढीगभर लाकडाची राख उरते पाटीभर, म्हणजे त्या सगळ्या ढिगातलं या पाटीत आलं. आणि मी चाळून, खडे काढून, मूठ मूठ... स्वच्छ माती होती हो ही. तुमच्याच माणसानं मोजली होती. मीच आणून घातलं. आणि वर समोर बसून भरवलं. नको म्हणायची ती, ताई. पहिल्या घासापासून नको म्हणायची.

सूनबाईला तुम्ही काही सांगू नका. मी सांगतो. शिंप्याच्या घरीही मीच जातो. — काय सांगू? तुम्ही शिकलेल्या आहात, कसं सांगतात असलं? चिंगीला बरं वाटेल ना? स्वच्छ खायला मिळालं तर उतरतं म्हणता? पोरांचं लवकर उतरतं? खरं सांगताय की म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून?

आल्या बघा त्या शाळेतून. ये, चिंगे, ये — अगं, काय तोडलंस ते? वाटाणा? टाक! टाक म्हणतो ना! थुंक, आधी थुंक तोंडातलं, सगळं थुंक!

... नाही गं. रडू नको. रागावलो नाही मी. आजोबा चिंगीवर कधी रागावतात का? मघाशी हात पोळला जरा, म्हणून ओरडलो.

सूनबाई, त्याला फोन लाव. आत्ता लाव. त्या दोन खोल्या अजून आहेत का विचार. का ते मी आत आल्यावर सांगतो, आधी फोन लाव. आणि आज चूल नको पेटवू, बाहेरून काहीतरी आण. हो, बाजारातलं. मीच म्हणतोय. माझं काय? मी कशाला येतोय शहरात. मला बाग आहे ना.

तुमचं झालं ना, ताई? मग निघा आता. जाताना फाटक ओढून घ्या.