दत्ताभाऊंनी मागितलेला एक तास

मंडळी, बसून घ्या. पुढे या, जागा आहे. मला भाषण येत नाही. पण दत्ताभाऊंच्या या शोकसभेत "फार चांगला माणूस होता" एवढंच ऐकून घरी जायचं असेल, तर तसं मी बोलणार नाही. मला राग आलाय. तुमचा, आणि त्याआधी माझा.

मी सुनंदा. लालबागला माझं मसाला कांडप आहे. दत्ताभाऊ आमच्याच चाळीतले, माझ्या नवऱ्याबरोबर मिलमध्ये साचेखात्यात, कापडाच्या मागावर होते. संप झाला, मिल गेली, दोघे घरी बसले. माझ्या नवऱ्याने हाय खाल्ली. भाऊंनी मिळेल ते काम केलं, आणि पन्नाशी आल्यावर दादरला जाऊन चक्क कॉम्प्युटरचा क्लास लावला. आपण हसलो. हसलो की नाही?

मग त्यांनीच आपली दुकानं सावरली. माझ्याकडे प्रत्येक घरचा मसाला वेगळा. कोणाला बेडगी जास्त, कोणाला त्रिफळ हवंच, कोणाला जायफळ चालत नाही. माझ्या चिठ्ठ्या हरवायच्या, एकीचा मसाला दुसरीला जायचा आणि दुकानात भांडणं. भाऊंनी घरागणिक सगळं कॉम्प्युटरमध्ये घातलं. बाईने नुसतं नाव सांगायचं, की तिचं प्रमाण छापून बाहेर. कमलच्या खानावळीत उद्या किती मेंबर जेवणार ते आदल्या दिवशी कळायला लागलं, भात फुकट जायचा थांबला. हो ना गं कमल?

आणि आपण काय केलं? मिलमध्ये साच्याची पूजा व्हायची, तशी खंडेनवमीला कॉम्प्युटरची केली. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, वर प्लास्टिकचं कव्हर घातलं. पण हात? हात कोणीही लावला नाही. "आमचे मसाल्याचे हात, बिघडायचं काहीतरी." "भाऊ आहेत ना!" प्रिंटर अडला, बोलवा भाऊंना. लाइट जाऊन आली, बोलवा भाऊंना. नवीन गिऱ्हाईक आलं, नाव घालायला भाऊ.

किती वेळा म्हणाले मला, "सुनंदा, बस गो हयसर. एक तास दी माका. उद्या मी नसलंय तर काय करतलंस?" मी म्हणायची, "बसते हो भाऊ, गर्दी ओसरू दे."

यंदा त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, ॲडमिट व्हा. भाऊ म्हणाले, "मिरचीचो सीझन जावंदे. बायका अडतल्यो." ऐकलंत? आपण अडू म्हणून! छाती धरून दुकानोदुकानी फिरले. आपल्यापैकी एकाने तरी म्हटलं का, भाऊ, तुम्ही जा, आम्ही बघतो? एकाने तरी?

शेवटी परळच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी भेटायला गेले. आणि काय विचारलं मी? "भाऊ, प्रिंटर कागद ओढत नाही, काय करू?" नाकात नळी त्या माणसाच्या. बोटाने हवेत दाखवत होते, कुठलं झाकण उघडायचं ते. मग म्हणाले, "शिकलंस काय?" मी म्हटलं, "हो भाऊ, आता सगळं येतं." खोटं बोलले मी. लाज वाटते सांगायला.

परवा दहावं झालं. घरी न जाता दुकान उघडलं, कव्हर काढलं आणि बसले. भाऊंनी कॉम्प्युटरच्या आत सगळं मराठीत लिहून ठेवलं होतं. इथे नाव घाल. इथे मिरची. चुकलं तर घाबरू नको, मागे जा. मंडळी, मी घड्याळ बघितलं. एका तासात मला आलं सगळं. एका तासात! मशीनवर डोकं टेकून रडले.

आता उभे राहूया. दोन मिनिटं कोणी बोलू नका. आत्म्याला शांती वगैरे नंतर मागा, आधी माफी मागा. मीही मागतेय.

भाऊ, तुमचा एक तास दिला मी. तुम्ही गेल्यावर दिला.